सशाची शिंक आणि घाईचं औषध

पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये पाळलेला ससा शिंकू लागला की ‘हवा बदलली’ म्हणून घरातलं सर्दीचं सिरप निघतं, नाहीतर कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातून नेहमीचं अँटिबायोटिक येतं. माझा विरोध दोन्हींना आहे, कारण दोन्हीकडे औषध आधी आणि निदान नंतर, किंवा कधीच नाही. शिंका पाश्चुरेला, बोर्डेटेला अशा जंतूंमुळे येतात. तशाच नाकात गवताची काडी अडकल्यानं किंवा मुतानं भिजलेल्या पिंजऱ्यातल्या अमोनियाच्या वासानंही येतात. शिवाय सशाचे दात जन्मभर वाढतात. त्यांची मुळं वर सरकली की अश्रुनलिका दबते. एकाच बाजूचा डोळा आणि नाक वाहत असेल, तर दाढा पाहिल्याशिवाय आणि डोक्याचा एक्स-रे काढल्याशिवाय त्याला सर्दी म्हणणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. पुढच्या पंजांच्या आतले केस चिकट, गुठळलेले दिसत असतील तर ससा बरेच दिवस नाक पुसतो आहे, हेही डॉक्टरांना सांगावं.

औषधाची घाई सशाला जितकी महागात पडते तितकी कुत्र्याला नाही. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही एरवी सर्रास दिली जाणारी औषधं सशाच्या पोटात गेली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम माजतो आणि त्याच्या विषानं जुलाब होऊन जनावर दगावू शकतं. गंमत अशी, की तोंडानं घातक असलेलं पेनिसिलिन जाणकार पशुवैद्य सशाला टोचून देतात. म्हणून नुसतं नाव नाही, औषध कोणत्या मार्गानं देणार हेही विचारावं. आराम पडावा म्हणून दिलेलं स्टेरॉइड दबलेला संसर्ग उफाळून आणू शकतं.

म्हणून औषधाआधी नाकातल्या नमुन्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करावी असं माझं म्हणणं. यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: पाश्चुरेला धडधाकट सशांच्या नाकातही सापडतो, मग कल्चर कशाला? मान्य, जंतू सापडला म्हणजे तोच गुन्हेगार असं नाही. पण नाकात खोलवरून घेतलेल्या नमुन्यावरून कोणतं औषध लागू पडेल हे कळतं, आणि आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या उपचारात तेच मोलाचं. निकालाला वेळ लागतो हे खरं. नमुना घेऊन झाल्यावर एन्रोफ्लॉक्सासिनसारखं सशाला चालणारं औषध सुरू करता येतं आणि अहवाल आल्यावर बदलता येतं. सशाच्या किमतीपेक्षा तपासणी महाग, हा हिशेब मला पटत नाही. चुकीच्या औषधाचे तीन कोर्सही फुकट नसतात. नमुना कुठे पाठवायचा हे पशुवैद्यच ठरवतील, पण मुळा नदीपलीकडे औंधलाच पशुरोग निदानाची विभागीय प्रयोगशाळा आहे आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय, तेव्हा त्यांना विचारायला संकोच नको.

एका प्रसंगी मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवावा. ससा नाकानंच श्वास घेतो. तो तोंड उघडून धापा टाकत असेल तर आधी ऑक्सिजन, तपासण्या नंतर. एक्स-रेसाठी भूल द्यायची असेल आणि कोणी रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं, तर तिथेच थांबून विचारावं. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे तसल्या उपासाची गरज नसते. उलट पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. उपचार चालू असताना ससा चाऱ्याला तोंड लावेनासा झाला किंवा लेंड्या बंद झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.