गुंड्याभाऊ गेला, आणि विसर्जन लांबलं

२८ ऑगस्ट २०२५. डोंबिवलीला दादाकडे दीड दिवसाचा गणपती. उत्तरपूजेची तयारी चाललेली, वहिनी वाटल्या डाळीला फोडणी घालत होती, आणि अण्णाच्या फोनवर बातमी आली. अण्णा म्हणजे माझा चुलतभाऊ. चष्मा कपाळावर सारून तो म्हणाला, "अरे, गुंड्याभाऊ गेला."

बाळ कर्वे गेले, असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही. तीनच दिवसांपूर्वी त्यांना पंचाण्णव वर्षं पूर्ण झाली होती. रंगभूमीवर, सिनेमात, मालिकांत त्यांनी कितीतरी कामं केली. पण मुंबई दूरदर्शनवर १९७७ च्या सुमारास 'चिमणराव गुंड्याभाऊ' सुरू झाली आणि त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक त्यांना लोक एकाच नावाने ओळखत राहिले. पूजा थांबली. कुणीतरी सतरंजी ओढली. मग दीड तास जे झालं, त्याच्यावरून आणि त्याआधीच्या अशाच कितीतरी बैठकांवरून मला जे कळलंय ते लिहून ठेवते.

१. विनोद लक्षात राहत नाही, चाल राहते.

आम्ही नऊजण होतो, सगळे पन्नाशी ओलांडलेले. एकालाही एक आख्खा प्रसंग सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगता येईना. "ते आठवतं का, ते, चिमणराव जातात आणि..." इथवर यायचं आणि गाडी अडायची. शेवटी अण्णा उठला. मखराच्या पडद्याची एक जादा दांडी कोपऱ्यात उभी होती. ती त्याने सोट्यासारखी धरली, छाती काढली, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि हॉलभर फिरला. तोंडातून एक शब्द नाही. दादाला हसता हसता ठसका लागला, त्याला पाणी द्यावं लागलं.

यावर मी नंतर बराच विचार केला. चिं. वि. जोशींच्या मूळ पुस्तकांत चिमणराव आपली हकिकत आपणच सांगतात. फजिती त्यांची, सांगणारे तेच, आणि आपली फजिती झाली हे सांगणाऱ्याच्या गावीही नसतं. सगळी गंमत तिथे आहे. मालिका करायची म्हटली की हे निवेदन हातातून जातं. मग ते 'गावी नसणं' नटाच्या चेहऱ्यावर दिसायला हवं. दिलीप प्रभावळकर तेव्हा तिशीतले. आता हसा, असं त्यांचा चिमणराव प्रेक्षकाला कधी सुचवायचा नाही. तो बिचारा आपल्या अडचणीत गुंतलेला असायचा. आणि शेजारी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, ज्याला कसली अडचणच वाटत नाही. एकाचं आडनाव जोग, दुसऱ्याचं दांडगे. लेखकाने निम्मं काम आडनावांतच उरकून ठेवलं होतं. उरलेलं या दोघांनी उभं राहण्याच्या पद्धतीतून केलं. म्हणून संवाद पुसले गेले तरी ते उभं राहणं आमच्यातल्या बहुतेकांना येतं.

२. आठवणीतल्या साडीच्या रंगावर पैज लावू नये.

ताईचं ठाम म्हणणं, चिमणरावांच्या बायकोची, काऊची, एक साडी हिरवीगार होती. अगं, कृष्णधवल होतं सगळं! दूरदर्शनवर रंग आला १९८२ साली, आसियाडच्या वेळी. पण ताई हटेना. मग वहिनीनेच उलगडा केला. आमच्या गिरगावातल्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांनी पडद्यापुढे तो प्लास्टिकचा रंगीत कागद लावला होता: वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. आकाश, माणूस, गवत असा हिशोब. निसर्गदृश्याला ते बरं दिसत असेल. आमच्या चिमणरावांचं मात्र कपाळ निळं आणि धोतर हिरवं. काऊ स्वयंपाकघरात खाली बसली की हिरवी, उठली की नारिंगी. ताईने तिला बसलेलीच पाहिली असावी.

३. नावं विसरलात तर पक्षी मोजा.

चिमण, काऊ, मोरू, मैना, राघू. आख्खं घरटं आहे ते. पन्नास वर्षांनीही घरातलं एकही माणूस सुटत नाही.

४. ज्या बाईने दार उघडलं तिला विचारा.

हा धडा मला उशिरा मिळाला. चाळीत आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच घरात. लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा, वर क्रोशाचं झाकण. मालिकेच्या आधी अर्धा तास आम्ही पोरं जाऊन जागा धरायचो. त्या घरचा मुलगा कॉटवर, आम्ही फरशीवर, मोठी माणसं दारात, आणि ज्यांना दारातही जागा नाही ती गॅलरीत, खिडकीच्या गजांना धरून. मी दहा वर्षांची. माझ्या आठवणीत त्या घरच्या काकू कायम हसऱ्या.

काही वर्षांपूर्वी त्यांना भेटायला गेले होते. ऐंशी पार केलेल्या, पण लख्ख. मी म्हटलं, "काकू, तुमच्यामुळे आम्ही चिमणराव पाहिला." त्या म्हणाल्या, "मी नाही पाहिला गं." मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी सगळं सांगितलं. कुणी आलं की कडी काढायची. कुणाचं लहान मूल रडायला लागलं की त्याला घेऊन आत जायचं. तीस माणसांत दहांना तहान लागायचीच, आणि पाणी सकाळी नळाला आलेलं, मोजून भरलेलं. मालिका संपली की फरशी पुसायची, कारण पावसाळ्यात सगळ्यांचे पाय चिखलाचे. "आतून तुमचं हसणं ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. "कशाला हसताय ते कळायचं नाही. पण मीही हसायची थोडी. आपलं उगीच."

तेव्हापासून 'त्या काळी सगळे एकत्र बघायचे, किती छान होतं' असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते. छान होतं, आमच्यासाठी.

५. साऱ्या महाराष्ट्राने पाहिली, असं म्हणू नये.

आमची अमरावतीची आतेबहीण त्या दिवशी बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "आमच्याकडे कुठे दिसायचं?" खरंच आहे. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला दिसू लागलं. मालिका चालू होती तेव्हा मराठी दूरदर्शन म्हणजे मुंबई, पुणे आणि आजूबाजूचा पट्टा. विदर्भाला थांबावं लागलं. तिने चिमणराव वाचनालयातून आणून वाचला होता, आणि तिच्या डोक्यातला चिमणराव प्रभावळकरांसारखा दिसतच नाही. थोडा जाड आहे म्हणे. आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडलो. आता वाटतं, लेखकाचा चिमणराव आमच्यात फक्त तिच्याचपाशी शिल्लक असेल.

६. आधीचा चिमणराव पाहिलेलं एक माणूस बैठकीत हवं. एकच.

आमच्याकडे ते आजोबा होते. त्यांनी १९४० साली मास्टर विनायकांचा 'लग्न पहावे करून' पाहिला होता. त्यात चिमणराव दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. दूरदर्शनवरची मालिका बघून आम्ही घरी आलो की आजोबा खाटेवरूनच विचारायचे, "झालं माकडचेष्टांचं?" आणि पुढे ठरलेलं वाक्य: "दामुअण्णांची सर नाही." मला इतका राग यायचा! न बघताच कसं ठरवतात?

एका संध्याकाळी आई त्यांना हाताला धरून घेऊन गेली. त्यांना खुर्ची मिळाली. मी पडदा सोडून आजोबांकडेच बघत बसले होते. बराच वेळ काही नाही. मग कुठेतरी प्रभावळकर काही न बोलता नुसते गुंड्याभाऊकडे बघत राहिले, आणि आजोबांच्या पोटाला एक गचका बसला. लगेच त्यांनी खोकल्यासारखं केलं. घरी येताना जिन्यात म्हणाले, "बरा आहे मुलगा." एवढंच.

चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. बडोद्याला पाली शिकवणारा हा प्राध्यापक, 'चिमणरावांचे चऱ्हाट' लिहिलं ते १९३० च्या दशकात. मुंबईत टीव्ही येईपर्यंत काही राहिला नाही. त्यांना यातला कुठला चिमणराव पटला असता, हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. परवा माझा भाचा कुठल्याशा नव्या विनोदी मालिकेचं कौतुक करत होता. मी म्हणाले, "प्रभावळकरांची सर नाही." म्हणाले आणि जीभ चावली.

७. नटाला सुटू द्यावं.

माझ्या आईला हे कधी जमलं नाही. 'झपाटलेला' आला १९९३ साली. त्यातला खलनायक तात्या विंचू प्रभावळकर आहेत हे कळल्यावर ती अर्धा दिवस अस्वस्थ. "इतका साधा माणूस, संगतीने बिघडला." पुढे २००१ मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागली, प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून केलेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली. त्यात ते आबा, राजन भिसे आणि शुभांगी गोखले मुलगा-सून. आई पहिल्याच भागाला म्हणाली, "चिमणराव म्हातारा झाला गं." २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'तल्या त्यांच्या गांधीजींनाही तिने तसंच आपलं मानून टाकलं.

आई निदान प्रेमाने करायची. पण गुंड्याभाऊ कर्व्यांना जन्मभर चिकटला तो आपणच चिकटवलेला. नाटकांमधलं त्यांचं काम आमच्यातल्या कुणाला आठवतं म्हणून त्या दिवशी मी विचारलं. दोनच हात वर झाले.

८. वाद मिटवायला फोन काढू नये.

एकदा अर्धा तास छान वाद रंगला होता, दूरदर्शनवरचा 'गजरा' हा कार्यक्रम आणि 'चिमणराव' यांत आधी काय सुरू झालं. पुतण्याने चार सेकंदांत उत्तर वाचून दाखवलं. सगळे चहा प्यायला उठले.

९. पुन्हा बघायचं तर एकट्याने बघू नये, आणि वेग वाढवून तर नाहीच.

त्या काळी चित्रफीत महाग. एका टेपवरचं पुसून दुसरं चित्रित करायचे, आणि कितीतरी कार्यक्रम असे कायमचे गेले. चिमणरावचे आज मोजकेच भाग बघायला मिळतात. त्यातला एक मी लॅपटॉपवर लावला, रात्री, एकटीने. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकच खोली, लांबलचक प्रवेश, नाटकासारखं येणं-जाणं. मी चक्क घड्याळ बघितलं. फार अपराधी वाटलं. एवढ्याशासाठी आपण चिखलाच्या पायांनी लोकांच्या घरात घुसत होतो?

दुसऱ्या दिवशी भाच्याला दाखवला. त्याने सवयीने दीडपट वेग लावला. दीडपट वेगाने चिमणराव! सगळे संवाद ऐकू आले आणि विनोद एकही उरला नाही. कारण तो थांबण्यात होता. गुंड्याभाऊ काहीतरी अचाट बोलून मोकळा व्हायचा, आणि ते चिमणरावांच्या डोक्यात शिरायला दोन-तीन सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात फरशीवर बसलेली तीस माणसं फुटायची. मी वेग नीट केला, भाग पहिल्यापासून लावला, ताईला बोलावलं. ती हसली, मग मी हसले. शेवटी भाचाही हसला. मालिकेला हसला की आम्हा दोघींना, ते त्याने सांगितलं नाही.

१०. ज्यांच्या घरी बसून तुम्ही मालिका पाहिलीत ते अजून असतील तर जाऊन या. जाताना लॅपटॉप न्या. मी काकूंकडे पुन्हा गेले तेव्हा नेला. कडी मी काढली, पाणी मी आणलं, त्या खुर्चीत बसल्या. सबंध भाग त्यांनी पाहिला. संपल्यावर म्हणाल्या, "हे होय! मला वाटलं काय असेल."

आमचा गणपती त्या दिवशी पाचला निघायचा तो साडेसातला निघाला. सगळ्यात पुढे अण्णा होता, आणि पडद्याची दांडी त्याच्या हातातच होती.