मिनिटांची तजवीज

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी साडेचार तासांची मुदत मुक्रर करणारा धावक बहुधा पहिले काम हे करतो, की २७० मिनिटांना ४२.१९५ने भागून किलोमीटरमागे ६ मिनिटे २४ सेकंद हा आकडा काढतो आणि आरंभापासून अंतापर्यंत तोच लागू करून निर्धास्त होतो. अंकगणित निर्दोष असते. परंतु त्यात रस्त्याचा चढ नसतो, समुद्राकाठची दमट हवा नसते, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर देहाची जी अवस्था होते तिचा तर मागमूसही नसतो.

माझे एक स्नेही, ज्यांच्या सोबतीने मी अनेक हिवाळे पहाटे धावलो, असाच कागद मनगटाला बांधून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहिले. मरीन ड्राइव्हची सपाटी, पहाटवारा आणि भोवतीच्या जमावाचा उत्साह यांच्या अंमलाखाली त्यांनी दहा किलोमीटर तासाभरातच संपविले आणि कागदावर चार मिनिटांची शिल्लक पडल्याचे समाधान मानले. सागरी सेतू ओलांडून, माहीम-वरळीमार्गे परतताना, सूर्य चांगलाच वर आलेला असता, पेडर रोडच्या दुसऱ्या चढावर मी त्यांना गाठले, तेव्हा ते पोटऱ्यांत गोळे येऊन दुभाजकाला टेकले होते. त्या चार मिनिटांना मी तेव्हापासून तगाई समजतो. वेग वाढला की स्नायू मेदापेक्षा ग्लायकोजेन अधिक प्रमाणात जाळतात; तो साठा मर्यादित असतो; आणि म्हणून सकाळी उचललेल्या मिनिटांची वसुली नेमकी त्या चढावर, जबर व्याजासह होते.

तेव्हा साडेचार तासांसाठी मी जी वाटणी सुचवितो, ती अशी : पहिले पाच किलोमीटर ६ मिनिटे ४० सेकंदांच्या पेसने, कारण गर्दीतून वाट काढण्यात शक्ती खर्चणे हा निव्वळ अपव्यय होय, त्यानंतर तिसाव्यापर्यंत सरासरी ६ मिनिटे २०, मात्र चढावर घड्याळ न पाहता श्वास पाहावा आणि मागे पडलेले सेकंद उतारावर सावकाश भरून येऊ द्यावेत. या हिशेबाने दहावा किलोमीटर १ तास ५ मिनिटांनी, अर्धे अंतर सव्वादोन तासांच्या सुमारास आणि तिसावा ३ तास ११ मिनिटे ४० सेकंदांनी येतो, उरलेल्या १२.१९५ किलोमीटरांसाठी ७८ मिनिटे २० सेकंद हाताशी राहतात. मनगटावर एवढ्याच तीन नोंदी पुरेत. बेचाळीस ओळींचे कोष्टक थकलेल्या डोळ्यांना वाचता येत नाही. २०२३ साली शिकागोत केल्विन किप्टुमने २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचाही उत्तरार्ध पूर्वार्धाहून सुमारे एक मिनिटाने जलद होता. एवढ्या सामर्थ्याच्या मनुष्याने जी शक्ती राखून ठेवली, ती नोकरी-संसार सांभाळून धावणाऱ्या आपण आरंभीच का उधळावी?

घड्याळाच्या बाबतीत एक तफावत ध्यानात ठेवावी. शर्यतीचे अंतर वळणावळणांवरील सर्वांत आखूड रेषेने मोजलेले असते, आणि आपण तर गर्दीला वळसे घालीत, पाण्यासाठी कडेला जात धावतो. शिवाय उंच इमारतींमध्ये जीपीएसही चुकते. घड्याळाने अखेरीस ४२.६ किलोमीटर दाखविले, तर त्याच्या पडद्यावर ६ मिनिटे २० सेकंदांची सरासरी दिसल्याशिवाय साडेचार तास साधत नाहीत. म्हणून आपोआप पडणाऱ्या स्प्लिटवर विसंबू नये. अधिकृत फलकापाशी स्वतः बटण दाबावे, आणि एकूण वेळ तोफेच्या आवाजापासून न मोजता आपण आरंभरेषा ओलांडल्यापासून मोजावा.

हवेचा निर्णय मात्र निघण्यापूर्वीच करावा. पहाटे नुसते उभे असतानाच अंगाला घाम सुटत असेल, तर किलोमीटरमागे दहा सेकंद वाढवावेत, ज्यामुळे एकूण सात मिनिटेच काय ती वाढतात, आणि साडेचार तासांचा आग्रह तिथेच, पहिले पाऊल टाकण्याआधी, सोडून द्यावा.