लांबच्या विमानप्रवासात काय करावे, काय टाळावे

काय करावे

तिकीट काढताना

- संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर काढा; पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.
- नाव पासपोर्टवर आहे तसेच भरा. वडिलांचे किंवा पतीचे नाव तिथे कोणत्या रकान्यात आहे ते आधी पाहा.
- तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल द्या; एजंटाचा दिला, तर वेळ बदलल्याचा निरोप त्याच्याकडेच पडून राहतो.
- विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी उडवणार आहे ते वाचा. कोडशेअरमध्ये तिकीट विकणारी एक आणि नेणारी दुसरी असते.
- अमेरिकेत विमान बदलायचे असेल, तर हाताशी निदान तीन तास ठेवा. इमिग्रेशन पहिल्याच विमानतळावर होते आणि सामानही बहुधा तिथेच घेऊन पुन्हा द्यावे लागते.
- वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा.
- तिकीट हाती आल्यावर २४ तासांच्या आत नाव आणि तारखा पुन्हा वाचा. अमेरिकेचे तिकीट थेट कंपनीकडून, प्रवासाच्या सात दिवस आधी काढले असेल, तर या मुदतीत ते सहसा दंडाशिवाय रद्द होते.

निघण्याआधी

- जेवण ४८ तास आधी नोंदवा आणि अक्षरे तपासा: एव्हीएमएल म्हणजे भारतीय शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन, डीबीएमएल म्हणजे मधुमेहींसाठीचे.
- व्हीलचेअरही ४८ तास आधी नोंदवा: पायऱ्या चढता येत असतील तर डब्ल्यूसीएचआर, येत नसतील तर डब्ल्यूसीएचएस, अजिबात चालता येत नसेल तर डब्ल्यूसीएचसी.
- औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या बॅगेत ठेवा.
- पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. चेक-इन सामानात ती चालत नाही.
- बॅग भरून झाल्यावर आतून आणि बाहेरून फोटो काढा, आणि आत नाव-फोनची चिठ्ठी टाका.
- वजन घरीच करा. ३२ किलोंहून जड नग कंपन्या सहसा स्वीकारत नाहीत.
- पुणे, नाशिक, कोल्हापूरहून मुंबईला येत असाल तर घाटातली कोंडी धरून निघा. काउंटर सहसा तासभर आधी बंद होते.

काउंटरवर

- बॅगेच्या टॅगवरची तीन अक्षरे स्वतः वाचा. नेवार्कला जाणाऱ्या बॅगेवर ईडब्ल्यूआर हवे.
- टॅगच्या पावतीचा तिथेच फोटो काढा.
- जेवण, व्हीलचेअर आणि सीट यांची नोंद पुढच्या विमानावरही आहे का, ते विचारून घ्या.
- जागा कमी पडल्याने विमानात घेत नसतील, तर कारण लेखी मागा.
- स्वखुशीने जागा सोडणार असाल, तर पुढचे विमान, हॉटेल आणि रक्कम लेखी घेऊन मगच हो म्हणा.
- उत्तर देणाऱ्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवा.

विमानात

- सीट, पट्टा, दिवा किंवा स्क्रीन बिघडलेली दिसली, तर दार बंद होण्याआधी सांगा. तेव्हा जागा बदलून मिळण्याची शक्यता जास्त असते.
- काही हवे असेल तर बेल दाबा. ती त्यासाठीच आहे.
- बेलला उत्तर आले नाही, तर उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत जा आणि पाणी मागा.
- प्रश्न सुटला नाही, तर केबिन क्रूच्या प्रमुखांना बोलवा आणि तक्रारीची नोंद करायला सांगा.
- बिघाडाचा फोटो सीटचा क्रमांक दिसेल असा काढा.
- दोन-दोन तासांनी उठून चार पावले चाला. पाय कमी सुजतात.

विमान रखडल्यास

- कारण आणि नवी वेळ मेसेजवर किंवा ई-मेलवर मागा. फलकाचा फोटोही काढा.
- भारतातून सुटणाऱ्या लांबच्या विमानाला चार तास उशीर असेल, तर जेवण मागा. डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा तसा नियम आहे.
- उशीर २४ तासांहून जास्त असेल, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त असेल, तर हॉटेल मागा.
- युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघाला असाल, तर विमान कोणत्याही कंपनीचे असो, नियम २६१/२००४ चे नाव घ्या. ३,५०० किलोमीटरपुढच्या प्रवासात चार तास उशिरा पोहोचलात आणि कारण कंपनीच्या हातातले होते, तर ६०० युरो मिळतात.
- अमेरिकेला जाणारे किंवा तिथून येणारे विमान सहा तासांहून जास्त पुढे गेले आणि पर्याय नको असेल, तर पूर्ण पैसे परत मागा.
- अमेरिकेत विमान धावपट्टीजवळ दार बंद करून उभे राहिले, तर दोन तासांनी खाणे-पाणी मागा; ते देणे कंपनीवर बंधनकारक आहे.
- रांगेत उभे असतानाच ॲप आणि फोनवरूनही प्रयत्न करा. बदली जागा आधी मागणाऱ्याला मिळते.

सामान आले नाही तर

- पट्टा थांबला की बाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याची नोंद करा.
- नोंदीचा क्रमांक तिथेच वाचून पाहा. त्यात आधी विमानतळाची तीन अक्षरे, मग कंपनीची दोन, मग आकडे असतात.
- मोडलेल्या बॅगेची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून सात दिवसांत करा.
- उशिरा आलेल्या बॅगेची तक्रार ती हाती आल्यापासून २१ दिवसांत करा.
- २१ दिवसांत बॅग आलीच नाही, तर हरवली असे धरून भरपाई मागा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रिअल करारानुसार मर्यादा १,५१९ एसडीआर, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर आहे.
- दरम्यान लागणारे कपडे, औषधे, दाढीचे सामान घ्या आणि प्रत्येक पावती जपा.

तक्रार करताना

- आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा, नंतर तिच्याच अपील अधिकाऱ्याला.
- पाच गोष्टी लिहा: तारीख, विमान क्रमांक, पीएनआर, काय घडले, काय हवे.
- असे लिहा: “३८ सी या सीटची पाठ उभी राहत नव्हती, रात्री २.१० वाजता क्रूच्या प्रमुखांना सांगितले; फोटो जोडला आहे; सीटसाठी घेतलेले जादा पैसे ३० दिवसांत परत करावेत.”
- उत्तर नाही आले, तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.
- तरीही न्याय नाही मिळाला, तर राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने ती सोय दिली आहे.
- ज्याने मदत केली त्याचेही नाव कंपनीला कळवा.

आई-वडिलांना एकटे पाठवताना

- पर्समध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांतले कार्ड ठेवा: नाव, पीएनआर, पुढच्या विमानाचा क्रमांक, औषधे आणि न्यायला येणाऱ्याचा फोन.
- त्याच कार्डावर “मी शाकाहारी आहे”, “मला व्हीलचेअर हवी आहे”, “मला पाणी द्या” ही वाक्ये इंग्रजीत लिहा. बोट दाखवले की काम होते.
- बेल कुठे असते, पट्टा कसा सोडतात, स्वच्छतागृहाचे दार कसे उघडते, हे घरी व्हिडिओवर दाखवा.
- शक्यतो थेट विमान काढा. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

काय टाळावे

तिकीट काढताना

- दोन वेगळी स्वस्त तिकिटे जोडू नका. मधल्या उशिराचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.
- दीड तासात विमान बदलायचे तिकीट घेऊ नका, विशेषतः सोबत वयस्कर माणसे असतील तेव्हा.
- परतीच्या तिकिटातला पहिला टप्पा न कळवता सोडू नका. पुढचे सगळे टप्पे रद्द होतात.
- एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. सीट, सामान आणि जेवण तिकिटावर छापलेले पाहा.
- प्रवास विमा न वाचता घेऊ नका. किती तासांनंतर उशीर धरतात ते त्यातच लिहिलेले असते.

निघण्याआधी

- “हिंदू मील” शाकाहारी समजून नोंदवू नका. एचएनएमएलमध्ये मांसाहार असतो.
- व्हीजीएमएल नोंदवून दही-पनीरची वाट पाहू नका. त्यात दुधाचे काहीच नसते.
- इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कस्टमर केअर नंबरवर फोन करू नका. कंपनीच्या संकेतस्थळावरचाच नंबर घ्या.
- फोनवर कुणालाही ओटीपी सांगू नका आणि स्क्रीन दाखवू नका. पैसे परत देताना कंपनी ओटीपी मागत नाही.
- दागिने, घराच्या किल्ल्या, मूळ कागदपत्रे चेक-इन बॅगेत टाकू नका.
- लोणच्याची बरणी आणि तूप हातातल्या बॅगेत ठेवू नका. सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

काउंटरवर

- “पुढच्या विमानतळावर बघतील” या उत्तरावर हलू नका. नोंद तिथेच करून घ्या.
- अनोळखी माणसाचे सामान आपल्या नावावर घेऊ नका, कितीही गयावया केली तरी.
- न वाचता कशावरही सही करू नका. हक्क सोडल्याची ओळ बहुधा तळाशी असते.
- रांग चुकवण्यासाठी व्हीलचेअर मागू नका. खरी गरज असलेला ताटकळतो.
- व्हीलचेअर ढकलणाऱ्याला पैसे द्यावेच लागतात असे समजू नका. द्यायचे ते खुशीने द्या.

विमानात

- आवाज चढवू नका; डीजीसीएच्या २०१७ च्या नियमांनुसार शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत आणि धक्काबुक्कीला सहा महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होऊ शकते.
- चुटकी वाजवून किंवा हात लावून क्रूला बोलावू नका.
- चुकीचे जेवण आले तर निमूट झाकण लावून परत देऊ नका. पर्याय मागा, नसेल तर तसे नोंदवायला सांगा.
- क्रूच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरू नका; पुरावा बिघाडाचा हवा, माणसाचा नको.
- स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू नका. केबिनमधली हवा फार कोरडी असते.
- सगळा राग घरी पोहोचेपर्यंत साठवू नका. विमानात न सांगितलेली अडचण नंतर सिद्ध होत नाही.

विमान रखडल्यास

- घोषणा ऐकू येणार नाही इतके गेटपासून लांब जाऊ नका.
- पैशांऐवजी व्हाउचर लगेच घेऊ नका. मुदत आणि अटी आधी वाचा.
- विमान रद्द झाल्याचे लेखी मिळाल्याशिवाय स्वतःहून दुसरे तिकीट काढू नका.
- युरोपात “हवामानामुळे” हे ऐकून जेवण आणि हॉटेल सोडू नका. रोख भरपाई टळते, ही सोय टळत नाही.
- काउंटरवरच्या माणसावर तुटून पडू नका. विमान त्याने रखडवलेले नाही, पण पुढची जागा तोच देणार आहे.

सामान आले नाही तर

- नोंद न करता कस्टम्सच्या बाहेर पडू नका. एकदा बाहेर गेलात की परत आत येणे अवघड.
- “फोन येईल” यावर घरी बसू नका. क्रमांक टाकून रोज तपासा.
- बॅगेवरचा टॅग फाडून टाकू नका, बॅग मोडलेली असेल तर मुळीच नाही.
- मूळ पावत्या हातच्या सोडू नका. कंपनीला प्रती द्या.
- भरपाई मिळणारच म्हणून महागडी खरेदी करू नका; गरजेपुरतेच मान्य होते.

तक्रार करताना

- फक्त समाजमाध्यमांवर लिहून थांबू नका. तो अर्ज होत नाही.
- बोर्डिंग पासचा फोटो सगळ्यांसमोर टाकू नका. बारकोडमधून तुमचे बुकिंग उघडते.
- एक शब्दही फुगवून लिहू नका. एक खोटे सापडले की दहा खऱ्या गोष्टी पडतात.
- “आम्हाला खेद आहे” या पहिल्या उत्तरावर फाइल बंद करू नका.
- दोन वर्षांची मुदत उलटू देऊ नका. माँट्रिअल करारातही तेवढीच आहे आणि ग्राहक आयोगातही.

आई-वडिलांना एकटे पाठवताना

- सगळी कागदपत्रे फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका. बॅटरी संपली की त्यांच्या हातात काहीच उरत नाही.
- व्हीलचेअर आल्याशिवाय विमानाच्या दारापासून हलू नका, असे त्यांना बजावा.
- पोहोचल्या पोहोचल्या “झाला ना प्रवास नीट?” एवढेच विचारू नका, जेवलात का, पाणी मिळाले का, पाय सुजले का, असे एकेक विचारा.
- “तिथे उगाच कुणाला त्रास देऊ नका” असे सांगून त्यांना पाठवू नका; सोळा तास तहानलेले बसतील, पण बेल दाबणार नाहीत.