रबराचा पीळ : जुन्या मोटारीचे बुश घरी कसे बदलावेत

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूर मेट्रोची पिवळी मार्गिका येथपर्यंत येऊन पोहोचली. तरीही अनेक घरांसमोर जुनी मोटार अद्याप उभी असते, आणि ती पुष्कळदा मारुती ८०० असते. या मोटारीचे उत्पादन १९८३ साली सुरू झाले व २०१४ साली थांबले. तिच्यातील अगदी शेवटची गाडीसुद्धा आज दहा वर्षांहून अधिक वयाची आहे. अशा मोटारीत एके दिवशी गतिरोधक ओलांडताना पुढच्या चाकाकडून ‘खट्’ असा आवाज येऊ लागतो. हा आवाज बहुधा एका लहानशा रबरी भागाचा असतो. त्यालाच बुश असे म्हणतात.

बुश बदलणे हे काम घरी करता येण्याजोगे आहे. परंतु ते नीट होण्यासाठी हातातील बळापेक्षा एक गोष्ट समजणे अधिक आवश्यक असते : बुशमधील रबर घसरत नाही, ते पिळले जाते.

बुशचे कार्य

मारुती ८०० चे पुढचे प्रत्येक चाक वरून मॅकफर्सन स्ट्रटने आणि खालून एका लोखंडी भुजेने धरलेले असते. कारागीर या भुजेला ‘लोअर आर्म’ म्हणतात. भुजेचे बाहेरचे टोक बॉल जॉइंटने चाकाच्या आधाराला जोडलेले असते, तर आतले टोक एका बोल्टने मोटारीच्या सांगाड्याला. या आतल्या टोकाच्या गोल भोकात बुश बसवलेला असतो. दोन्ही बाजूंच्या भुजांना जोडणारी स्टॅबिलायझरची दांडीदेखील रबरी बुशमधूनच भुजेत शिरते आणि ब्रेक लावल्यावर चाक मागे ढकलले जाऊ नये म्हणून भुजेला ताणून धरते.

बुशच्या मध्यभागी धातूची नळी असते व तिच्याभोवती रबर. बोल्ट आवळला की ही नळी सांगाड्याशी घट्ट धरली जाते. रबराचा बाहेरचा पृष्ठभाग भुजेबरोबर राहतो. चाक वर-खाली झाले म्हणजे मधले रबर पिळवटते आणि चाक पूर्वस्थितीत येताच तो पीळ सुटतो. येथे एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत नाही. म्हणून वंगण लागत नाही आणि रस्त्याचे बारीक हादरेही बरेचसे तेथेच विरतात.

रबराला हा टिकाऊपणा गंधकाच्या संस्काराने येतो. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ साली ही क्रिया सापडली. तथापि असे रबरही अमर नसते. हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांच्यामुळे त्यास बारीक तडे जातात, उष्णतेने ते कडक होते, आणि इंजिनमधून ठिबकणाऱ्या तेलाने फुगून मऊ पडते. म्हणूनच कुरकुरणाऱ्या बुशवर तेल सोडण्याचा उपाय अपायकारक ठरतो : आवाज काही दिवस थांबतो, पण रबराचे आयुष्य घटते.

दोषाची परीक्षा

झिजलेल्या बुशची लक्षणे अशी : खड्ड्यात खट् असा आवाज होणे, ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जाणे, सरळ रस्त्यावरही सुकाणूचक्र सतत सावरावे लागणे आणि टायर एका कडेने अधिक झिजणे. मात्र सैल बॉल जॉइंट किंवा निकामी शॉक ॲब्सॉर्बर यांचीही लक्षणे पुष्कळशी अशीच असतात. यासाठी भुजा व सांगाडा यांच्यामध्ये लोखंडी पहार घालून हलकेच उचकून पाहावे. रबर फाटलेले दिसले, किंवा मधली नळी भोकाच्या एका बाजूस सरकलेली आढळली, तर बुश बदलणे अपरिहार्य होय. महामार्गावर एकाएकी ब्रेक लावावा लागला असता चाक आपल्या जागी राहणे याच तुकड्यावर अवलंबून असते.

काम

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी. हातब्रेक लावून मागच्या चाकांना पुढून व मागून अटकाव द्यावा. पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत. मग जॅकने गाडी उचलून दोन्ही बाजूंस, जॅक-स्टँड या नावाने मिळणाऱ्या लोखंडी तिवया सांगाड्याच्या भक्कम भागाखाली लावाव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. विटा किंवा बांधकामाचे सिमेंटचे ठोकळेही तिवईच्या जागी वापरू नयेत. ते कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतात आणि खालच्या माणसाला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. स्ट्रटच्या माथ्यावरील मधल्या नटाला या कामात हात लावण्याचे कारण नाही. तो दाबलेल्या स्प्रिंगला आवरून धरतो.

चाक काढल्यावर स्टॅबिलायझरच्या टोकाची स्प्लिट पिन व नट काढावा. वॉशरांचा क्रम व दिशा कागदावर टिपून ठेवावी. नंतर बॉल जॉइंटला आवळणारा बोल्ट पूर्णपणे बाहेर काढून जॉइंट सोडवावा. त्यावरील रबरी टोपण फाटणार नाही, याची दक्षता घ्यावी. शेवटी आतला बोल्ट काढला की भुजा हातात येते.

जुना बुश जाळून काढण्याची रीत त्याज्य आहे. तिचा धूर विषारी असतो. व्हाइसच्या जबड्यात एका बाजूस बुशहून किंचित लहान आणि दुसऱ्या बाजूस बुशहून मोठ्या व्यासाचा नळीचा तुकडा धरून दाब दिल्यास बुश सरकतो. तो हटून बसला, तर बोम्मसंद्र्यासारख्या ठिकाणी प्रेस असलेले यंत्रशाळेचे दुकान शोधावे लागत नाही. सुटी भुजा तेथे नेणे यात काहीच कमीपणा नाही. भोकातील गंज पॉलिश कागदाने साफ करावा. भोक लांबट झालेले किंवा भुजा वाकलेली दिसली, तर मात्र संपूर्ण भुजाच नवी घ्यावी.

नवा बुश बसवताना, बाहेर धातूचे कवच असल्यास दाब कवचावरच द्यावा, मधल्या नळीवर नव्हे. कवच नसल्यास साबणाचे पाणी लावावे. ग्रीस लावू नये. एका बाजूचा बुश गेला असेल, तर दुसऱ्याचेही वय तेवढेच असते. म्हणून दोन्ही एकाच वेळी बदलणे इष्ट.

शेवटची आवळणी

आता भुजा परत जोडावी. बॉल जॉइंटचा बोल्ट पुरता आवळावा. परंतु बुशमधून जाणारा आतला बोल्ट व स्टॅबिलायझरचा नट हातानेच बसवून ठेवावेत. बहुतेक घरगुती दुरुस्ती येथेच फसते. गाडी उचललेली असताना चाक खाली लोंबत असते. त्या स्थितीत आतला बोल्ट आवळला, तर रबर तीच आपली मूळ स्थिती धरते. गाडी खाली घेताच ते पिळले जाते आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. त्यावर प्रत्येक गतिरोधकाचा पीळ वाढत जाऊन नवा बुश अल्पावधीत फाटतो. मालक मात्र सुट्या भागाला दोष देतो.

यासाठी चाके लावून गाडी खाली घ्यावी, थोडी पुढे-मागे ढकलावी आणि पुढची चाके मजबूत उतरंडीवर चढवून, मागच्यांना पुन्हा अटकाव देऊन, भार चाकांवर असतानाच उरलेली आवळणी उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापानुसार पूर्ण करावी. स्प्लिट पिन नवीच घालावी. त्यानंतर चाकांची संरेखा तपासून घ्यावी व काही दिवसांनी सर्व नट पुन्हा पाहावेत.

एवढे झाल्यावर गतिरोधकावरील तो आवाज पुन्हा ऐकू आला, तर दोष अन्यत्र शोधावा. आवाज थांबला, तर रबर आपल्या योग्य स्थितीत विसावले आहे असे समजावे.