पोप तेरावे लिओ : रोम ते मराठवाडा



मागे एकदा मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायरीवर एका आजींनी आम्हाला विचारले, "फादर, दर मिस्साला आपण पोपसाहेबांचं नाव घेतो. त्यांना आपलं पिशोर ठाऊक तरी आहे का?" आम्ही हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनात राहिला. आज त्याचे उत्तर शोधू या.

८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी 'चौदावे लिओ' हे नाव घेतले. मुख्यतः तेराव्या लिओंच्या स्मरणार्थ आपण ते निवडले, असे त्यांनीच सांगितले. कोण होते हे तेरावे लिओ?

२० फेब्रुवारी १८७८ रोजी ते पोप झाले, तेव्हा त्यांचे वय ६७ होते. पोपांचे राज्य १८७० सालीच इटलीने घेतले होते. त्याचा निषेध म्हणून लिओ कधीही व्हॅटिकनबाहेर पडले नाहीत. तरीही १९०३ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी ते प्रभूघरी गेले, तोपर्यंत त्यांचा शब्द जगभर पोहोचला होता. राज्य गेले, पण मेंढपाळाचे काम थांबले नाही.

भारतात तेव्हा पोर्तुगालच्या राजाचे धर्मविषयक हक्क आणि रोमने नेमलेले अधिकारी यांच्यात जुना वाद होता. मुंबईत तर देऊळ कोणाचे, यावरून भाविकांत फूट पडली होती. लिओंनी १८८६ साली पोर्तुगालशी करार केला आणि त्याच वर्षी भारतात धर्मप्रांतांची नियमित रचना जाहीर केली. वाद एका दिवसात मिटला नाही. पोर्तुगालचे काही हक्क पुढे कित्येक दशके राहिले. पण घडी बसू लागली. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला. त्यातून १९५५ साली अमरावती आणि अमरावतीतून १९७७ साली आपला औरंगाबाद धर्मप्रांत. आजी, पिशोरचे नाव त्या पोपांच्या कानी गेले नसेलही. पण आपल्याला जवळचा महागुरू मिळाला, त्याची वाट तिथून निघते.

भारताचे धर्मगुरू भारताच्याच मातीतून घडावेत, ही लिओंची तळमळ होती. म्हणून १८९३ साली त्यांनी श्रीलंकेतील कँडी येथे पेपल सेमिनरी स्थापन केली. १९५५ साली ती पुण्यात आली. परदेशी मिशनऱ्यांचे ऋण आपण विसरू नये. पण दुसऱ्याच्या मुलांनी किती दिवस आपले शेत राखावे?

तिसरी गोष्ट अधिक जवळची. १५ मे १८९१ रोजी लिओंनी कामगारांविषयी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र काढले. मजूर हा गुलाम नव्हे. त्याला विसावा हवा, संघटनेचा हक्क हवा, पोट भरेल अशी मजुरी हवी, असे त्यांनी शिकवले. कोणी म्हणेल, मजुराने स्वतःच कमी पैशाला होकार दिला, मग अन्याय कुठला? लिओंचे उत्तर असे की, गरजेपोटी किंवा भीतीपोटी दिलेला होकार अन्यायाला न्याय बनवत नाही. कराराच्या वर निसर्गाचा न्याय आहे.

मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे जोडपे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या वाक्याचे वजन कळेल. मात्र बोट फक्त मुकादमाकडे नको. खुरपणीला, कापूस वेचणीला आपणही बाया लावतो. 'परवडत असेल तर ये' असे आपणही म्हणतो. तिला घरी चूल पेटवायची आहे, म्हणून ती येते. तो तिचा होकार आहे का?

चिंतनासाठी :
१. आपल्या शेतावर, घरी राबणाऱ्यांना आपण काय देतो, आणि केव्हा देतो?
२. आपल्या मुलाने धर्मगुरू व्हायचे म्हटले, तर आपण आनंदाने 'जा' म्हणू का?

या रविवारी मिस्सात पोपमहोदयांचे नाव येईल, तेव्हा हे दोन प्रश्न मनात ठेवून त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठीही प्रार्थना करू या.