हेरॉनचे सूत्र आणि ‘सिंटॅक्स एरर’

प्रश्न : मुलगी अमेरिकेत हायस्कूलला आहे. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे हेरॉनचे सूत्र तिने टीआय-८४ प्लस कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅम म्हणून घातले, पण चालवले की ‘सिंटॅक्स एरर’ येते. काय चुकत असेल?

उत्तर : सूत्र बहुधा बरोबरच असेल. या यंत्रात ‘प्रॉम्प्ट’ हा शब्द एकेक अक्षर दाबून लिहिला, तर यंत्र त्याला सहा चलांचा गुणाकार समजते आणि पुढच्या स्वल्पविरामाशी अडते. आज्ञा ‘प्रोग्रॅम’ बटणाच्या आय/ओ यादीतूनच उचलायची. दुसरा संशयित वजाचे चिन्ह. ऋण संख्येचे बटण वेगळे, वजाबाकीचे वेगळे. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. चूक आली की ‘गोटू’ निवडायला सांगा, कर्सर नेमका चुकलेल्या जागी जातो.

प्रोग्रॅम तीन ओळींचाच. पहिलीत प्रॉम्प्टने ए, बी, सी या बाजू विचारायच्या. दुसरीत बेरजेची निमपट ‘स्टो’ बटणाने एस मध्ये साठवायची. इथे बेरजेला कंस हवाच, नाहीतर फक्त सी निम्मी होते. तिसरीत ‘डिस्प’ आणि एस(एस−ए)(एस−बी)(एस−सी) चे वर्गमूळ.

तपासायला १३, १४, १५ द्या, ८४ यायला हवेत. मग मुद्दाम १, २, ५ द्या. असा त्रिकोणच होत नाही, वर्गमुळात ऋण संख्या येते आणि ‘रिअल’ मोडमध्ये यंत्र ‘नॉनरिअल’ म्हणत थांबते. ही मात्र प्रोग्रॅमची चूक नव्हे.