आवडती खोली व वाडवडिलांच्या वस्तु

‘जुनें तें सोनें’ असें आपण म्हणतों खरें. परंतु घर बदलण्याची किंवा दिवाळीपूर्वीं साफसफाई करण्याची वेळ आली म्हणजे हेंच सोनें तराजूंत घालून मोडीच्या भावानें देऊन टाकतों. पणजीचें तांब्याचें घंगाळ वजनावर विकलें जातें, शिसवी पेटी अडगळींत वाळवीच्या स्वाधीन होते, आणि जुनीं छायाचित्रें रद्दीबरोबर निघून जातात. नंतर त्याच घराच्या बैठकीच्या खोलींत शोभेकरितां बाजारांतून नवें कांहींतरी आणून मांडलें जातें. ही रीत बदलून घरांतील एखादी आवडती खोली वाडवडिलांच्या वस्तूंनींच कशी सजवितां येईल, याचा विचार आम्ही आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

प्रथम हें ध्यानांत धरावें कीं, वस्तु जुनी आहे एवढ्यानेंच ती घराण्याची ठेव होत नाहीं. पवित्र शास्त्रांत यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत एक प्रसंग आहे. इस्राएल लोकांनीं यार्देन नदी ओलांडतांना तिच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून आणिले व ते गिलगाल येथें उभे केले. पुढें मुलें विचारतील कीं, हे धोंडे कशाकरितां. तेव्हां वडिलांनीं त्यांस नदी ओलांडल्याची हकीकत सांगावी, हा त्यांतील हेतु होता. विचारणारीं मुलें व सांगणारे वडील नसते, तर ते नुसते धोंडेच राहिले असते. आपल्या घरांतील वस्तूंचीहि गोष्ट अशीच आहे.

म्हणून ठेव मौल्यवानच असली पाहिजे असें नाहीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आपण गेलों, तर तेथें अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकाचीं भांडीं अशा रोजच्या वापराच्या वस्तुच मोठ्या संख्येनें दिसतात. कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं गांवोगांव हिंडून त्या मिळविल्या व अकालीं वारलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाचें नांव त्या संग्रहास दिलें. ज्यांच्या घरीं पैठणी किंवा चांदीचें तबक नाहीं, त्यांच्याकडे आजीच्या लुगड्यांची गोधडी असेल, जात्याची तळी असेल, अथवा धान्य मोजण्याचा शेर असेल. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं व शेर-पायली मागें पडलीं. तरी त्या शेरानें कोणे एके काळीं एका कुटुंबाचें पोट मोजलें आहे. कोणाच्या घरीं पणजोबांचें पवित्र शास्त्र असतें, आणि त्याच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा व विवाह यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. याहून चांगली ठेव कोणती?

आतां मांडणीविषयीं. सर्व वस्तु एकाच वेळीं मांडूं नयेत. तसें केल्यास खोलीचें दुकान होतें. तीन किंवा चार वस्तु निवडाव्या व प्रत्येकीभोवतीं मोकळी जागा ठेवावी. जी वस्तु वापरतां येते ती वापरावी. पानाच्या डब्यांत पत्रें ठेवावीं, पाटावर बसावें, भिंतीवरील लोलकाच्या घड्याळास आठवड्यास चावी देण्याचें काम घरांतील एका मुलाकडे सोंपवावें. घंगाळांत झाड ठेवावयाचें असल्यास माती त्यांत न घालतां कुंडीच आंत ठेवावी.

जपणुकीचे नियमहि थोडेच आहेत. पितळेचीं व तांब्याचीं भांडीं चिंचेनें घांसलीं म्हणजे लखलखतात, पण त्या आंबटपणानें प्रत्येक वेळीं धातूचा अगदीं पातळ थर जातो. आपल्याकडे भांड्यांवर टिंबाटिंबांच्या अक्षरांनीं नांव व तारीख घालण्याची चाल आहे. वारंवार घांसल्यानें प्रथम तींच अक्षरें पुसट होतात. म्हणून शोभेचें भांडें एरव्हीं कोरड्या फडक्यानेंच पुसावें. छायाचित्रांचा शत्रु ऊन व दमटपणा. कांच व छायाचित्र यांमध्यें पुठ्ठ्याची चौकट नसली, तर पावसाळ्यांत तें कांचेस चिकटतें. शक्य तर त्याची प्रत काढून ती भिंतीवर लावावी व मूळ कागदी पाकिटांत ठेवावें. पैठणी कायमची उजेडांत टांगूं नये. ती धुतलेल्या सुती कापडांत गुंडाळावी व मधूनमधून तिची घडी बदलावी, नाहीं तर घडीवरच रेशीम चिरतें. लांकडी पेटी भिंतीस टेकवूं नये. मागें हवा खेळूं द्यावी, म्हणजे ओल धरत नाहीं व वाळवी लागल्यास लवकर दिसते. मोडी लिपींतील कागद सांपडल्यास वाचतां येत नाहींत म्हणून टाकूं नयेत. १९१० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेंत जाणकारांस ते दाखवावे.

आणखी एक गोष्ट पालकांस विनंतीपूर्वक सांगावीशी वाटते. वडिलार्जित वस्तु ही बहुधा सर्व भावंडांची असते. तिच्यावरून मनें दुखावण्यापेक्षां ती कोणाच्या घरीं राहावी हें सर्वांच्या विचारानें ठरवावें, व तिचें छायाचित्र आणि हकीकत इतरांस द्यावी. वस्तु एकाचीच राहिली तरी आठवण सर्वांची होते.

ही हकीकत लिहिण्याचें काम मात्र विद्यार्थ्यांचें. एक वही करावी, आणि प्रत्येक वस्तूस एक पान द्यावें. ही वस्तु कोणाची, कोठून आली, कोणत्या सालीं, कशाकरितां वापरीत, आणि घरांत तिच्याविषयीं कोणती गोष्ट सांगतात, या पांच प्रश्नांचीं उत्तरें त्यांत लिहावीं. छायाचित्रामागें त्यांतील माणसांचीं नांवें मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें लिहावीं; शाई कागदांतून उमटते. आजीआजोबांचें बोलणें मोबाइलवर मुद्रित करून घ्यावें, कारण त्यांचा आवाज हीहि एक ठेवच आहे.

पितळेची समई आणखी शंभर वर्षें टिकेल; पण ती कोणी कोणास दिली हें जाणणारें माणूस घरांत आज एखादेंच असेल, आणि तें थकलेलें असेल. म्हणून येत्या सुटींत खोली सजविण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ जाऊन बसावें व एका तरी वस्तूची गोष्ट विचारावी, एवढीच आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.